उघडा कोड, पण वाचणार कोण?

(टी. ई. कॉम्प्युटर)

आपल्या डिपार्टमेंटमध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्द उच्चारला की समोरच्याच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक म्हणजे ‘फुकट’, आणि दुसरी म्हणजे काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं! त्यापुढे कोणी गेलाच तर तो प्रोजेक्टांची तुलना सुरू करतो. ती कशी? तर ह्याला किती स्टार आणि त्याला किती, कुठल्या मोठ्या कंपन्या वापरतात, रेझ्युमेवर कुठलं नाव वजनदार दिसेल. थोडक्यात, स्थळ बघायला जावं तसं. बंगला रस्त्यावरूनच बघायचा, गाडी मोजायची आणि परत यायचं. आत शिरून स्वयंपाकघर कसं आहे ते कोणी बघतच नाही.

माझं मत जरा वेगळं आहे आणि ते पटलं नाही तर कॅन्टीनमध्ये भांडायची माझी तयारी आहे. दोन ओपन सोर्स प्रोजेक्टांची तुलना करायची असेल तर प्रश्न एकच विचारावा: ज्याला तिथे कोणी ओळखत नाही, असा एखादा मुलगा किंवा मुलगी आत शिरून, काहीही न मोडता, एक छोटा बदल करून बाहेर येऊ शकेल का? आणि या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट कुठली असेल तर ती फंक्शनल भाषांमधलं पॅटर्न मॅचिंग. (मागच्या बाकावरून आवाज: “पण ते पेपरला येत नाही!” हो बाबा, माहीत आहे.)

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जगापुढे आला. ओपन-एसएसएल ही लायब्ररी म्हणजे बँकेपासून ईमेलपर्यंत सगळ्यांच्या कुलपाची चावी. ‘सी’ भाषेत लिहिलेली, पूर्णपणे उघडी, कोणीही वाचावी अशी. मार्च २०१२ च्या १.०.१ आवृत्तीत तिच्यात ‘हार्टबीट’ नावाची एक सोय आली. एक संगणक दुसऱ्याला म्हणतो, “हा मजकूर घे, तो इतका लांब आहे, आहे तसाच परत पाठव,” म्हणजे जोडणी जिवंत आहे हे कळतं. आता गंमत बघा. समजा गावच्या डेअरीवर नियम आहे की जेवढं दूध आणलं तेवढंच परत न्यायचं. एक जण किटलीत पावशेर दूध घेऊन येतो आणि चिठ्ठीवर लिहितो ‘६४ लिटर’. काट्यावरचा माणूस किटलीत डोकावतच नाही! चिठ्ठी वाचतो आणि बाकीच्यांच्या कॅनमधलं दूध ओतून ६४ लिटर भरून देतो. ओपन-एसएसएलने नेमकं हेच केलं. मजकूर एक बाइट, चिठ्ठीवर ६४ केबी. मग शेजारच्या मेमरीत जे काही पडलं असेल, म्हणजे कोणाचा पासवर्ड, कोणाची गुप्त किल्ली, ते सगळं उचलून समोरच्याच्या हातात.

हा कोड लिहिणारा त्या वेळी पीएचडीचा विद्यार्थी होता, आणि तो तपासून आत घेणारा प्रोजेक्टमधलाच अनुभवी माणूस होता. दोघांच्याही नजरेतून सुटलं. पुढे दोन वर्षं तो कोड साऱ्या जगासमोर उघडा पडून होता. ‘डोळे पुष्कळ असले की चुका लपत नाहीत’ हे ओपन सोर्सवाल्यांचं आवडतं म्हणणं. डोळे होते की! पण ते तिथे वळले नाहीत, कारण तो कोड वाचणं म्हणजे शिक्षा होती. वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलरच्या देणग्यांवर आणि बोटांवर मोजण्याइतक्या माणसांवर तो प्रोजेक्ट चालला होता, हे नंतर बाहेर आलं. स्टारच्या हिशेबात बसवलं तर हा जगातला सर्वात वापरला जाणारा बंगला, आणि आत राबणारी माणसं चार.

आता पॅटर्न मॅचिंगकडे येऊ. नाव ऐकून पुष्कळ जणांना ‘ग्रेप’ आणि रेग्युलर एक्स्प्रेशन आठवतं. ते नव्हे! ते अक्षरांच्या रांगेत अक्षरं शोधणं झालं. इथे आपण माहितीचा आकार ओळखतो. एखादी गोष्ट किती प्रकारांनी असू शकते ते आधी एकदा लिहून ठेवायचं, आणि मग प्रत्येक प्रकाराला काय करायचं त्याची एकेक ओळ लिहायची. बस्स. एडिंबराचे रॉड बर्स्टॉल यांच्या १९६० च्या दशकाच्या शेवटच्या कामात ही कल्पना दिसते, १९८० च्या ‘होप’ भाषेत तिला आजचं रूप आलं, आणि तिथून ती एमएल, मिरांडा, हॅस्केल (१९९०), ओकॅमल अशी पसरली. एर्लांगकडे ती प्रोलॉगच्या वाटेनं आली.

आपल्याकडचंच उदाहरण घेतो. माझं घर पाटण तालुक्यात आणि कॉलेज सांगलीत. म्हणजे कोयनेचं पाणी आणि मी साधारण एकाच वाटेचे प्रवासी: पाटण, कराड आणि पुढे सांगली. (पाणी एसटीपेक्षा वेळेवर पोचतं, पण ते असो.) पावसाळ्यात घरी फोन लावला की आई आधी धरणाचे दरवाजे किती फूट उचललेत ते सांगते, मग माझं जेवण झालं का ते विचारते. आणि मी तिला आयर्विन पुलाजवळची पातळी सांगतो. १०५.२५ टीएमसीचं धरण सातारा जिल्ह्यात, आणि त्याचा हिशेब चुकता करायचा सांगलीने! पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आपल्या वर्गात असे मित्र आहेत ज्यांच्या घराच्या भिंतीवर ती रेघ अजून आहे.

तर गेल्या वर्षी आम्ही चौघांनी मिनी प्रोजेक्टला हाच विषय घेतला: रोजच्या नोंदी गोळा करायच्या आणि पातळीचा आलेख काढायचा. सुरुवात म्हणून नद्यांच्या पातळीचा एक तयार ओपन सोर्स प्रोग्रॅम उतरवून घेतला. नाव सांगत नाही. स्टार भरपूर होते. आत एकच फंक्शन चारशे ओळींचं, आणि त्यात ‘इफ’च्या आत ‘इफ’, त्याच्या आत आणखी एक ‘इफ’. एखाद्या दिवशीची नोंद आलीच नाही तर काय, हे शोधायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. उत्तर सापडलं: शून्य धरायचं. म्हणजे आलेखात कृष्णा एका रात्रीत कोरडी ठणठणीत आणि खाली हिरव्या अक्षरांत ‘सर्व ठीक’! आता सांगा, नोंद कधी येत नाही? वीज गेलेली असते, रस्ता पाण्याखाली असतो, तेव्हा. म्हणजे नेमकं जेव्हा ‘ठीक’ म्हणायचं नसतं तेव्हाच हा प्रोग्रॅम ‘ठीक’ म्हणणार.

हीच गोष्ट हॅस्केलच्या पद्धतीने मांडली तर काय होतं बघा. शब्द मराठीत लिहितो, म्हणजे चिन्हांची भीती नको. आधी प्रकार:

नोंद = मोजली (फूट) | आली नाही | पट्टी बुडाली

आणि मग फंक्शन:

स्थिती (मोजली फूट), फूट ४५ किंवा जास्त → धोका
स्थिती (मोजली फूट), फूट ४० किंवा जास्त → इशारा
स्थिती (मोजली फूट) → ठीक
स्थिती (आली नाही) → माहिती नाही, फोन करा

वाचून बघा. कोणी समजावून सांगायला लागलं? आणि एक गोष्ट लक्षात आली का? ‘पट्टी बुडाली’ची ओळच नाही! तुमच्या नजरेतून सुटली असेल, पण कंपायलरच्या सुटत नाही. हॅस्केलच्या कंपायलरला इशारे चालू ठेवायला सांगितलं की तो म्हणतो, “सगळे प्रकार झाले नाहीत, ‘पट्टी बुडाली’ राहिलं.” ओकॅमल हे न सांगताच बजावतो. रस्ट तर पुढेच जाऊ देत नाही, प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. शिवाय ‘फूट’ हा आकडा फक्त ‘मोजली’ या प्रकाराच्या पोटात आहे. नोंद आलीच नसेल तर आकडा हातातच येत नाही, मग त्याला शून्य धरणार कसं? नल रेफरन्स ज्यांनी १९६५ साली आणला त्या टोनी होअर यांनीच २००९ मध्ये त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं होतं, ते याच दुखण्याबद्दल.

ओळींचा क्रमही महत्त्वाचा. हॅस्केल वरून खाली बघतो आणि जी ओळ आधी जुळेल ती घेतो. तिसरी ओळ पहिली लिहिली तर ५७ फुटालाही ‘ठीक’ उत्तर येईल, आणि तेव्हा ‘या खालच्या ओळींपर्यंत कधी पोचणारच नाही’ असा दुसरा इशारा मिळतो. ज्यांनी दहावीला संस्कृत घेतलं होतं त्यांना इथे पाणिनी आठवेल. त्याच्याकडेही सामान्य नियम आणि अपवाद अशीच मांडणी आहे, फक्त तिथे अपवाद कुठेही बसलेला असो, तो सामान्य नियमाला हरवतो. आपल्याकडे मात्र अपवादाला आधी नंबर लावावा लागतो. ही नुसती गंमत नाही बरं का. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतले जेरार युए, ज्यांचा कॅमल भाषेच्या जन्माशी संबंध आहे, त्यांनी संस्कृतचे संधी सोडवणारी प्रणाली ओकॅमलमध्येच लिहिली आहे आणि तिचा कोड खुला आहे.

आता परत डेअरीवर जाऊ. एर्लांग भाषेत हार्टबीटचा संदेश उलगडायचा झाला तर पॅटर्न साधारण असा लिहितात:

प्रकार: १ बाइट, लांबी: २ बाइट, मजकूर: ‘लांबी’ इतके बाइट, उरलेलं: भरताड

खरी मजा तिसऱ्या तुकड्यात आहे. ‘लांबी’ हा आकडा त्याच ओळीत आधी वाचला आणि लगेच पुढे वापरला. चिठ्ठीवर ६४ हजार लिहिलंय आणि किटलीत एकच बाइट आहे, तर हा पॅटर्न जुळतच नाही. वेगळी तपासणी लिहायची आठवण ठेवावी लागत नाही, कारण वाचणं आणि तपासणं ही एकच क्रिया झाली. ‘सी’मध्ये वाचणं एका ओळीत आणि तपासणं दुसऱ्या ओळीत असतं, आणि ती दुसरी ओळ लिहायची राहिली, एवढाच हार्टब्लीड! दुरुस्ती म्हणून नंतर टाकलेली तपासणी दोन-चार ओळींचीच आहे. आता कोणी म्हणेल, जावामध्येसुद्धा ही चोरी झाली नसती. बरोबर. जावा ॲरेच्या बाहेर हात घालू देत नाही. पण तिथे चूक प्रोग्रॅम चालताना उघडी पडते. मला जे आवडतं ते हे की एर्लांगमधली ती एक ओळ वाचली की संदेशाचा नकाशाच हातात येतो, प्रोटोकॉलचं पुस्तक शेजारी ठेवून वाचावं लागत नाही.

मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत कान उघडे ठेवून फिरलात तर घराण्यांवरून वाद ऐकायला मिळतात. तशी इथेही दोन घराणी आहेत. एर्लांग घराणं म्हणतं, जुळलं नाही? मरू दे त्या छोट्या प्रोसेसला, वरची देखरेख करणारी प्रोसेस ती पुन्हा सुरू करेल. एरिक्सनने टेलिफोन एक्स्चेंजसाठी ही भाषा केली आणि डिसेंबर १९९८ मध्ये ओपन सोर्स केली. टेलिफोनचा एक कॉल तुटला तर चालतो, एक्स्चेंज बंद पडून चालत नाही, म्हणून हा स्वभाव. हॅस्केल आणि ओकॅमल घराणं म्हणतं, चालवण्याआधीच सांग काय राहिलं ते. माझा कल दुसऱ्या घराण्याकडे आहे, त्याचं कारण अगदी घरगुती आहे. ते पुढे सांगतो.

या दुसऱ्या घराण्यातला एक चांगला नमुना म्हणजे ओकॅमलमध्ये नव्याने लिहिलेली टीएलएसची लायब्ररी. ती २०१४ मध्येच, हार्टब्लीडच्या वर्षी, जाहीर झाली. काम तेच, ओपन-एसएसएलचं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती लिहिणाऱ्यांनी एक गंमत केली. तिच्यावर चालणारं एक छोटं मशीन इंटरनेटवर ठेवलं, त्यात १० बिटकॉइनची किल्ली कोंबली आणि जगाला सांगितलं, फोडा आणि घेऊन जा! कोडही उघडा, कुलूपही समोर. २०१८ पर्यंत कोणालाही ते बिटकॉइन काढता आले नाहीत. यावरून लायब्ररी निर्दोष ठरत नाही हे मलाही कळतं. पण आव्हान देण्याची हिंमत कुठून आली ते कोड वाचताना कळतं. प्रत्येक टप्प्यावर कुठला संदेश चालेल याच्या ओळी एकाखाली एक मांडल्या आहेत, आणि जे बसत नाही ते दारातच अडतं.

दुसरा नमुना तुमच्या रोजच्या उपयोगाचा: पॅनडॉक. मजकूर एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणारा हा प्रोग्रॅम जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये हॅस्केलमध्ये सुरू केला. हे गृहस्थ बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, हे ऐकून आपल्या एचओडी सरांना काय वाटेल कोण जाणे! यात प्रत्येक दस्तऐवज म्हणजे काही ठरावीक प्रकारांची जुळणी: परिच्छेद, मथळा, यादी, तक्ता, आणि ओळीच्या आत साधा शब्द, ठळक, तिरका वगैरे. मग लाटेकसाठी एक फाइल, वर्डसाठी एक, एचटीएमएलसाठी एक, आणि प्रत्येकीत तीच प्रकारांची रांग. २०२० मध्ये २.१० आवृत्तीत ‘अधोरेखित’ हा नवा प्रकार आला. एका प्रकारासाठी तितक्या साऱ्या फाइलींना हात लावायचा! असं काम ‘इफ’च्या जंगलात करायचं म्हणजे महिनाभर कुठे काय राहिलं ते शोधत बसा. इथे जिथे जिथे प्रकार एकेक करून लिहिले आहेत, तिथे कंपायलरच बोट दाखवतो.

यातून एक गोष्ट निघते, जी मला स्टारपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. कोडचा आकार ठरवतो की नवख्याने कुठून आत शिरायचं. पॅनडॉकमध्ये नवीन आउटपुट काढायचं तर नवी एक फाइल लिहा, जुन्या कशाला हात लागत नाही. नवख्यासाठी उत्तम! पण नवा प्रकार घालायचा तर सगळीकडे बदल, ते मुरलेल्या लोकांचं काम. क्लासेसवर उभ्या असलेल्या जावा प्रोजेक्टमध्ये नेमकं उलट: नवा प्रकार सोपा, नवी क्रिया अवघड. फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये या कोड्याला ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ असं नावच दिलं. कुठल्या प्रोजेक्टला पॅच पाठवायचा हे ठरवताना हे बघा, की तुम्हाला जे घालायचं आहे त्याच्यासाठी त्या घराचं दार कुठल्या बाजूला आहे.

आणि अजून एक गोष्ट बघा: खालची रेघ. हॅस्केल आणि ओकॅमलमध्ये नुसती ‘_’ लिहिली की त्याचा अर्थ ‘बाकी काहीही असो’. आमच्या नोंदींच्या फंक्शनमध्ये शेवटी ‘बाकी काहीही → ठीक’ अशी ओळ टाकली की कंपायलर गप्प. सगळे प्रकार झाले ना! उद्या कोणी ‘पट्टी वाहून गेली’ हा चौथा प्रकार घातला तरी त्याचंही उत्तर ‘ठीक’. त्यामुळे प्रोजेक्ट नुसता हॅस्केलमध्ये आहे म्हणून भाळू नका. फाइल उघडली की मी आधी या रेघा शोधतो. जिथे त्या विचार करून घातल्या आहेत तिथे शेजारी कारण लिहिलेलं सापडतं. जिथे आळसाने घातल्या आहेत तिथे त्या रांगेने सापडतात.

आता विरोधी पक्षाचंही ऐकू, कारण तो काही कच्चा नाही. डार्क्स नावाची आवृत्ती सांभाळणारी प्रणाली हॅस्केलमध्ये लिहिलेली होती आणि ती गिटच्या आधी, २००३ च्या सुमाराला आली. गिट २००५ चं, ‘सी’मधलं, आणि सुरुवातीला वापरायला भयंकर. जिंकलं कोण? गिट! डार्क्स काही गुंतागुंतीच्या मर्जला अडकून बसायचं. शेवटी २०११ मध्ये हॅस्केलच्या मुख्य कंपायलरचा स्वतःचा कोडसुद्धा डार्क्समधून गिटवर गेला. घरच्याच माणसाने घर सोडलं म्हणा ना. तेव्हा सुंदर कोड म्हणजे चाललेला प्रोजेक्ट, असं समीकरण कोणी मांडत असेल तर ते खोटं आहे. मी कोड वाचण्याबद्दल आणि त्यात हात घालण्याबद्दल बोलतोय. बाजार हा वेगळा विषय.

नोकरीचा प्रश्न तर हक्काचा. “हॅस्केल शिकून पुण्यात जॉब मिळेल का?” सरळ उत्तर: हॅस्केलच्या नावाने फार नाही. पण पॅटर्न मॅचिंग आता हॅस्केलपुरतं राहिलेलंच नाही. सी-शार्पमध्ये ते २०१७ पासून येत गेलं, पायथनच्या ३.१० मध्ये ऑक्टोबर २०२१ ला आलं, जावाच्या २१ व्या आवृत्तीत सप्टेंबर २०२३ ला ‘स्विच’मध्ये पक्कं झालं. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलमध्येसुद्धा रस्टला जागा मिळाली. मात्र सगळ्यांचं पाणी सारखं नाही. जावामध्ये ‘सील्ड’ प्रकार वापरले तर राहिलेली केस कंपायलर दाखवतो. पायथन स्वतःहून काहीच दाखवत नाही, काही जुळलं नाही तर मुकाट्याने पुढे जातो. वेगळं तपासणी साधन लावावं लागतं. हा फरक ज्याला मुळातून माहीत असेल तो इंटरव्ह्यूमध्ये चार वाक्यं जास्त बोलेल की नाही? आणि व्हॉट्सॲप तर सगळेच वापरता. त्याचा सर्व्हर एर्लांगमधल्या ‘ईजॅबरडी’ या ओपन सोर्स प्रोजेक्टवरून सुरू झाला. २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेतलं तेव्हा वापरणारे ४५ कोटी होते आणि इंजिनिअर तीसेक.

‘हे सगळं एमआयटीवाल्यांसाठी, आपल्याकडे कुठलं’ असं म्हणणाऱ्यांसाठी: पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९९० च्या दशकातच ‘गोफर’ ही हॅस्केलची छोटी बहीण शिकवली जात होती. मार्क जोन्स यांनी १९९१ मध्ये केलेल्या गोफरचा कोड उपलब्ध होता, म्हणून पुण्यात शिकवण्याच्या सोयीने तिच्या चिन्हांत फेरफार करून ‘पुगोफर’ अशी आवृत्ती तयार केली गेली. भाषा अडते म्हणून भाषाच बदलून घेतली! ओपन सोर्सचा याहून जवळचा उपयोग मला तरी माहीत नाही. आणि हे झालं आपल्यापासून शंभर-दोनशे किलोमीटरवर, आपण जन्मायच्या आधी.

आता ते घरगुती कारण. आपल्या वर्गात जत, आटपाडी, माण, खटाव, पाटणहून आलेली पुष्कळ मुलं-मुली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरात हाच पहिला इंजिनिअर. पुण्या-मुंबईच्या मुलाला कोड अडला तर शेजारचा दादा एखाद्या कंपनीत असतो, काका असतो, ताईचा मित्र असतो. आपल्याला रात्री अकरा वाजता हॉस्टेलवर विचारायला कोण आहे? ज्या कोडमध्ये निम्म्या गोष्टी लिहिणाऱ्याच्या डोक्यात आणि निम्म्या फाइलीत असतात, तो कोड ओळखीवर चालतो. तिथे उघडेपणाचा फायदा ओळखी असलेल्यालाच होतो. ज्या कोडमध्ये सगळ्या शक्यता कागदावर आहेत आणि काही राहिलं तर मशीनच टोकतं, तिथे ओळख लागत नाही. मी पहिला पॅच एका छोट्या ओकॅमल प्रोजेक्टला पाठवला तेव्हा तिथल्या कोणाला सांगली नकाशावर कुठे आहे हे माहीत नव्हतं, आणि मला त्यांना एकही प्रश्न विचारावा लागला नाही. कंपायलरने सात ओळी दाखवल्या, मी सात ओळी भरल्या. मला एर्लांगपेक्षा हे घराणं का आवडतं ते आता कळलं असेल. एर्लांग चूक सांगतो, पण प्रोग्रॅम चालू लागल्यावर. रात्री अकरा वाजता मला ती आधी कळलेली हवी असते.

म्हणून माझी मागणी अभ्यासक्रम बदलण्याची नाही. तो विद्यापीठाच्या हातात, आणि बदलेपर्यंत आपण पास होऊन जाऊ. सांगलीत वालचंद लिनक्स युजर्स ग्रुपसारखे विद्यार्थ्यांचेच गट उभे आहेत, तेव्हा मुलांनी मुलांना शिकवणं इथे काही नवीन नाही. आपल्या क्लबमध्ये दरवर्षी इन्स्टॉलेशन होतं, टी-शर्ट होतात, पाहुण्यांचं भाषण होतं. त्याला माझी ना नाही. त्यातली फक्त एक संध्याकाळ, आठवड्यातून एकदा, कोड मोठ्याने वाचायला द्या. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ‘आणि हे नसेल तर?’ एवढंच विचारत राहायचं. दोन प्रोजेक्ट शेजारी शेजारी घ्यायचे, एक ‘सी’तला आणि एक फंक्शनल, एकच काम करणारे, आणि दोन्हीकडे तोच प्रश्न विचारायचा.

सुरुवातीला मी एक्समोनॅड सुचवतो. पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा हॅस्केलमधला छोटा प्रोग्रॅम. २००७ साली आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत कोड पाचशे ओळींहूनही कमी होता. त्यात खिडक्यांची रांग तीन तुकड्यांत ठेवली आहे: समोरची खिडकी, तिच्या वरच्या आणि तिच्या खालच्या. ‘वरच्या खिडकीवर जा’ हे फंक्शन दोनच ओळींचं आहे. वर काही असेल तर काय, ही एक ओळ, आणि वर काहीच नसेल तर काय, ही दुसरी. पहिल्या दिवशी एवढंच वाचू आणि दुसऱ्या ओळीत रांग उलटी का केली आहे ते फळ्यावर काढू. लॅपटॉप एकाचाच पुरेल, येताना वही आणा.